‘फ्लॉगिंग अ डेड हॉर्स’ नेमकं कुठे वापरायचं?

मृद्‌गंध

नमस्कार मंडळी,

आमची संस्था शेतीच्या पाण्यावर काम करते. वर्षाचा अहवाल मराठी आणि इंग्रजी दोन्हींत निघतो, आणि इंग्रजी मजकुरावर शेवटचा हात माझा असतो. यंदा एका वाक्यावर गाडी अडली आहे.

कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, एक गाव आहे. तिथली चारी, म्हणजे कालव्यातून शेतापर्यंत पाणी नेणारा छोटा पाट, जागोजागी फुटली आहे. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटलं की पाणी वरच्या अंगालाच ओढ्यात उतरतं. टेलच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येते ती नुसती ओल. तिथली पाणीवापर संस्था गेली कित्येक वर्षं दुरुस्तीसाठी अर्ज करते आहे. अर्जाची पोच मिळते. माणसं येऊन टेप लावून मोजमापं घेतात. अंदाजपत्रक ‘वर गेलंय’ असं सांगतात. नकार एकदाही आलेला नाही, आणि कामही झालेलं नाही.

यावर सहकाऱ्याने लिहिलंय: ‘फॉर द फार्मर्स, इट हॅज बीन लाइक फ्लॉगिंग अ डेड हॉर्स’, म्हणजे शेतकऱ्यांसाठी हे मेलेल्या घोड्याला चाबूक मारण्यासारखं झालंय. त्याच्या मते निष्फळ खटपटीला इंग्रजीत हेच म्हणतात. मला मात्र ते खटकतं. घोडा मेला असं एकदा लिहिलं की विषय संपल्याचं आपणच जाहीर केल्यासारखं होतं. हा अहवाल देणगीदार वाचतात आणि एक प्रत खात्याकडेही जाते.

तर हा वाक्प्रचार इथे चालेल का? नसेल तर दुसरा कोणता? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

खडूफळा

ताई, तुमची शंका रास्त आहे. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यातून सांगतो.

या वाक्प्रचाराचा अर्थ नुसते ‘व्यर्थ श्रम’ एवढाच नाही. जो विषय निकाली निघालाय, ज्यात आता कुणाला रस उरलेला नाही, तो उकरून काढत राहणं किंवा त्यापायी झटत राहणं, असा तो अर्थ आहे. घोडा आधी जिवंत होता, गाडी ओढत होता, आता मेला, आणि चाबूक अजून चालूच आहे. ‘आधी होता, आता नाही’ हा भाग गाळला तर वाक्प्रचार लंगडा होतो.

म्हणून एखाद्या अवघड कामाला तो लावू नये. मुलगा गणितात नापास होतोय आणि शिकवणी चालू आहे, हा मेलेला घोडा नव्हे. ज्या ठरावावर मतदान होऊन तो फेटाळला गेला, त्यावर पुढच्या चार सभांत तीच भाषणं होत असतील तर मात्र तो नक्कीच मेलेला घोडा.

लिहिण्यातल्या बारीक गोष्टी: ब्रिटिश ‘फ्लॉग’ म्हणतात, अमेरिकन ‘बीट’. दोन्ही शुद्ध, पण एका अहवालात एकच ठेवा. ‘अ डेड हॉर्स’ असंच लिहायचं, ‘द’ लावला की वाचणारा ‘कोणता घोडा?’ म्हणून मागे वळून बघतो. आणि बहुतेक वेळा तो चालू क्रियेसाठी येतो, कारण मारणारा अजून थांबलेला नाही हेच त्यात सांगायचं असतं.

---

अटकमटक

मास्तर, +१. शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर!

---

रोखठोक

मी धागाकर्तीच्या सहकाऱ्याच्या बाजूने.

वाक्यात ‘फॉर द फार्मर्स’ आणि ‘लाइक’ हे दोन शब्द आहेत, ते कुणी वाचतंय का? विषय मेलाय असं संस्था म्हणत नाही. शेतकऱ्यांना तसं वाटतंय, एवढंच लेखक म्हणतो. आणि वाटणारच. मोजमापं घ्यायला माणसं येतात, चहा पिऊन जातात आणि पुढच्या रब्बीला परत तेच. त्यांची हताशा सांगायला याहून जोरकस शब्द कुठून आणायचा?

दुसरं, वाक्प्रचार वापरणाऱ्यांचे असतात, कोशांचे नसतात. भारतात शेकडो लोक हा सर्रास ‘फुकटची मेहनत’ या अर्थाने लिहितात आणि वाचणाऱ्याला तो समजतो. समजलं की भाषेचं काम झालं.

---

मृद्‌गंध

@रोखठोक, ‘लाइक’चा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, तो पटतोही. पण त्या गावच्या बैठकांना मी बसले आहे. ते हताश नाहीत हो, चिडलेले आहेत. ‘यंदा तरी करून घेऊच’ म्हणतात. घोडा मेलाय असं त्यांच्यापैकी एकही जण म्हणणार नाही, मग ते वाक्य त्यांच्या तोंडी कसं घालायचं?

---

जुनी_पानं

या वाक्प्रचाराचा इतिहास इथे अगदी चपखल बसतो, म्हणून जरा लांबवर लिहितो.

छापील इंग्रजीत या अर्थाचा जुना दाखला 1859 चा आहे आणि तो जॉन ब्राइट या खासदाराशी जोडलेला आहे. ब्राइट मूळचा रॉचडेलचा, कापड गिरणीवाल्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घराण्यातला, आणि तेव्हा बर्मिंगहॅमचा खासदार. मतदानाचा हक्क वाढवा, कामगारालाही मत द्या, हा त्याचा ध्यास. 1858-59 च्या हिवाळ्यात त्याने गावोगाव सभा घेतल्या. सभांना गर्दी व्हायची, पण पार्लमेंट ढिम्म. तेव्हा एका वर्तमानपत्राने अशी वदंता छापली की, हे म्हणजे मेलेल्या घोड्याला चाबूक मारण्यासारखं आहे असं म्हणून ब्राइटने नाद सोडला.

पुढची गंमत बघा. 1866 मध्ये सरकारने मतदान सुधारणेचं विधेयक आणलं, ते पडलं आणि त्यापाठोपाठ सरकारही पडलं. त्याच जुलैत लंडनच्या हाइड पार्कमध्ये सभेला बंदी घातली, तर जमावाने कुंपणाचे लोखंडी गजच उपटले. आणि 1867 मध्ये डिझरायलीने, म्हणजे विरुद्ध पक्षाने, सुधारणेचा कायदा मंजूर करून घेतला. इंग्लंड-वेल्समधले मतदार सुमारे 10 लाखांवरून 20 लाखांच्या घरात गेले.

म्हणजे ज्या घोड्याला मेलेला म्हटलं, तो आठ वर्षांत उठून पळाला.

माझं मत: घोडा मेलाय हे ठरवणारा बहुतेक वेळा घोड्यावर बसलेला नसतो. दुसऱ्याच्या मागणीबद्दल लिहिताना हा वाक्प्रचार दहादा विचार करून वापरावा. रोखठोक म्हणतात तसा अर्थ सैल झाला असेलही, पण ‘मृत’ हा शब्द त्यातून गेलेला नाही, आणि वाचणाऱ्याच्या मनावर उमटतो तो तोच.

---

कुरकुरीत

बापरे, काय माहिती! वाचनखूण साठवली.

---

रोखठोक

@जुनी_पानं, माहिती मस्त. पण तुमचा दाखला माझ्याच बाजूने जातो. ब्राइटचा विषय 1859 मध्ये निकाली कुठे निघाला होता? तो नुसता अडला होता. म्हणजे अगदी पहिल्या वापरातही हा ‘अडलेल्या कामासाठी’च आला ना? मग मास्तरांचा ‘निकाली निघालेला विषय’ हा नियम कुठून आला?

---

खडूफळा

उत्तम प्रश्न. उत्तर असं की ब्राइटबद्दल ती वदंता छापणाऱ्याला विषय संपलाय असंच म्हणायचं होतं. वस्तुस्थिती वेगळी निघाली, ही गोष्ट निराळी. वाक्प्रचारात वक्त्याचा निवाडा असतो आणि तो निवाडा चुकूही शकतो. तुम्ही मात्र निवाडा न देता तो वापरायला निघाला आहात. ते जमणार नाही.

---

लाल_माती

मराठीत यासाठी ‘काथ्याकूट’ आहेच की! कशाला इंग्रजी घोडा मारताय?

---

माडाखाली

@लाल_माती, थांबा जरा. आमच्या तळकोकणात काथ्या कुटणं हे कधीच फुकटचं काम नव्हतं.

नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात पुरून महिनोन्‌महिने कुजवायची. बाहेर काढली की वास असा, की पाहुणा अंगणातूनच मागे फिरावा. मग दगडावर ठेवून लाकडी मोगरीने बडवायची. भुसा गळून पडतो आणि हातात सोनेरी तंतू उरतो. तो उन्हात वाळवून, मांडीवर वळून सुंभ करायचं. माझी आजी सुंभ वळायची, तिच्या मांडीला घट्टे होते. त्या सुंभावर होड्या बांधल्या गेल्या, बाजा विणल्या गेल्या.

‘काथ्याकूट’ म्हणजे निष्फळ चर्चा, हा अर्थ घाटावरच्या कुणीतरी लांबून आवाज ऐकून ठरवलाय असं मला नेहमी वाटतं.

---

लाल_माती

माडाखाली, दंडवत. यापुढे जपून वापरेन. पण शब्दाचा रूढ अर्थ आता तोच आहे, त्याला इलाज नाही.

---

माडाखाली

रूढ अर्थ मलाही मान्य आहे. मूळ काम काय होतं ते नोंदलेलं असावं, इतकंच.

---

पाठशाळा

निष्फळ श्रमांची वर्गवारी आपल्या व्याकरणकारांनी फार पूर्वी केली आहे. पाणिनीचं ‘क्षेपे’ असं सूत्र आहे, म्हणजे निंदा करायची असेल तेव्हा होणारा समास. त्यावर काशिकावृत्ती या जुन्या टीकेत उदाहरणं दिली आहेत: ‘उदकेविशीर्णम्’, पाण्यात विखुरलेलं. ‘भस्मनिहुतम्’, राखेत दिलेली आहुती. आणि ‘प्रवाहेमूत्रितम्’, ज्याचा अर्थ सांगायची गरज नसावी.

यातलं ‘भस्मनिहुतम्’ तुमच्या इंग्रजी घोड्याच्या सगळ्यात जवळचं. अग्नी होता, आहुतीची वेळही होती, पण आता राख उरली आहे. तूप ओतणारा मात्र ओततोच आहे. मास्तरांनी सांगितलेला ‘आधी होता, आता नाही’ हा भाग यात जसाच्या तसा आहे.

याउलट ‘सिकतातैल’, म्हणजे वाळूतून तेल. ते कधीच निघणार नव्हतं. तसंच ‘काकदंतगवेषण’. कावळ्याला दात मुळातच नाहीत, मग शोधणार काय? पिष्टपेषणात पीठ आधीच दळलेलं आहे. आपण या सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो आणि ‘व्यर्थ’ अशी चिठ्ठी लावतो. इंग्रजी लिहितानाही तेच करतो, म्हणून घोळ होतो.

---

अटकमटक

‘प्रवाहेमूत्रितम्’ आता ऑफिसच्या ईमेलमध्ये कसं बसवू, याच विचारात आहे. 😄

---

मृद्‌गंध

@पाठशाळा, फारच सुंदर. मग माझं गाव यातल्या कशात बसतं? अग्नी विझलेला नाही, आणि वाळूही नाही. तूप पोचतंय की नाही हेच कळत नाही.

---

टाईनकाठ

मी न्यूकॅसलच्या पलीकडच्या काठावर, गेट्सहेडला राहतो, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क सांगतो. :)

‘कॅरीइंग कोल्स टू न्यूकॅसल’ हाही निष्फळ श्रमांचाच, पण जात वेगळी. जिथे ती वस्तू रगड आहे तिथेच ती घेऊन जाणं. शतकानुशतकं टाईन नदीतून कोळशाची जहाजं लंडनला जायची, त्यावरून तो आला. ग्रीक लोक हेच ‘अथेन्सला घुबडं नेणं’ म्हणायचे आणि जर्मन अजूनही म्हणतात. रशियन माणूस म्हणतो, ‘तुला गावाला आपला सामोवार (चहाचं पाणी उकळायचं भांडं) घेऊन जाऊ नको.’ तुला हे सामोवारांसाठीच प्रसिद्ध गाव.

आता परिस्थिती उलटली आहे. या भागातली शेवटची खोल खाण, एलिंग्टनची, 2005 मध्ये बंद झाली आणि त्याच सुमाराला टाईनच्या बंदरात परदेशातला कोळसा उतरू लागला. न्यूकॅसलला खरोखरच कोळसा आला. इथल्या जुन्या खाणकामगारांसमोर हा वाक्प्रचार हसत हसत वापरू नये. मी एकदा कुणाला तसं करताना पाहिलंय आणि टेबलावर पसरलेली शांतताही ऐकली आहे.

आणखी एक, इथल्या बोलीत ‘फ्लॉग’ म्हणजे ‘विकणं’ असाही अर्थ आहे, जरा गळ्यात मारण्याच्या सुरात. त्यामुळे कधी कधी मथळे लिहिणारे त्यावर कोटी करतात. ब्रिटनमध्ये जाणाऱ्या मजकुरात ‘फ्लॉग’ लिहिताना हे लक्षात असू द्या.

---

चिमणचारा

अवांतर: प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पेटा संस्थेने 2018 मध्ये आवाहन केलं होतं की ‘बीटिंग अ डेड हॉर्स’ म्हणू नका, त्याऐवजी ‘फीडिंग अ फेड हॉर्स’ म्हणा, म्हणजे खाऊन तृप्त झालेल्या घोड्याला चारणं. लोकांनी तेव्हा खूप टर उडवली होती. मला मात्र हेतू चांगला वाटतो. मुलांसमोर मी मारझोडीचे वाक्प्रचार टाळतेच.

---

खडूफळा

हेतूबद्दल वाद नाही, चिमणचाराताई. पण अर्थ बदलतो बघा. पोट भरलेल्या घोड्याला चारणं हे अनावश्यक काम झालं, न्यूकॅसलच्या कोळशाच्या जातीचं. घोडा उद्या परत खाईल. मेलेला मात्र उद्याही उठणार नाही.

---

टांगेवाल्याची_नात

आमच्याकडे टांगा होता. आमच्या घरात घोड्याला चाबूक फक्त हवेत वाजवायचा, अंगाला लावायचा नाही, असा आजोबांचा दंडक होता. हा वाक्प्रचार वाचताना मला अर्थाआधी ते चित्र दिसतं आणि कसंतरी होतं. अहवालात तो नसावा असं माझंही मत, कारण वेगळं असलं तरी.

---

सातपुडा

मग ‘वाइल्ड गूज चेस’ कसा वाटतो? शेतकऱ्यांना या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलंच आहे ना?

मी स्वतः एका दाखल्यासाठी असा फिरलोय. पहिल्या खिडकीवर म्हणाले, शिक्का वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर म्हणाले, तो शिक्का आता मागच्या इमारतीत. मागच्या इमारतीत कुलूप, आणि शेजारी पान खात बसलेल्या शिपायाने सांगितलं, ‘तो शिक्काच बंद झालाय, आता ऑनलाइन.’ त्याला वाइल्ड गूज चेस म्हणावं की नाही?

---

जुनी_पानं

@सातपुडा, तुमच्या शिक्क्याला शंभर टक्के म्हणावं. वस्तू तिथे नाहीच आणि तुम्हाला तिच्यामागे धाडलंय. त्यातून धाडणाऱ्याला माहीत असूनही धाडलं असेल तर ‘फूल्स एरंड’ जास्त नेमका.

गंमत म्हणजे या वाक्प्रचारात सुरुवातीला रानहंसांचा पाठलाग नव्हताच. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये घोड्यांची एक शर्यत असायची. पुढचा स्वार वाटेल तिकडे घोडा घालायचा आणि बाकीच्यांनी ठरावीक अंतर राखून त्याच्या मागे जायचं, उडणाऱ्या हंसांच्या रांगेसारखं. शेक्सपिअरच्या पात्राच्या तोंडीही तो येतो. शर्यत विसरली गेली, मग लोकांनी हंस खरेच धरले आणि अर्थ सरकला.

लिहिण्यापुरतं सांगायचं तर अमेरिकन कोशांत ‘वाइल्ड’ आणि ‘गूज’च्या मध्ये संयोगचिन्ह सापडतं, ब्रिटिश लेखनात बहुधा नसतं.

पण मृद्‌गंध यांच्या चारीला हा बसत नाही. चारी कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. शोधायचं काही नाहीच.

---

रोखठोक

भर्तृहरीचं ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ कुणीच कसं आणलं नाही? पाठशाळा म्हणतात वाळूतून तेल कधीच निघणार नव्हतं, पण आपले कवी तर प्रयत्नांती निघतं म्हणतात. शेतकऱ्यांच्या चिकाटीला हीच ओळ द्या, मराठी अहवालात तरी.

---

पाठशाळा

नको, कृपया नको. वामनपंडितांनी केलेला हा अनुवाद पुढे वाचा. वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात फिरता फिरता सशाचं शिंगही सापडेल, परंतु मूर्खाचं मन वळवता येणार नाही, असा तो श्लोक आहे. प्रयत्नांची महती गायलेलीच नाही. ‘एक वेळ हेही होईल, पण ते नाही’ असं सांगण्यासाठी वाळूचं तेल आलंय. आपण पहिली ओळ तोडून शाळेच्या भिंतीवर रंगवली.

खात्याकडे जाणाऱ्या अहवालात ती ओळ गेली आणि तिथल्या एखाद्याला पूर्ण श्लोक पाठ असला, तर मूर्ख कोण ठरेल याचा विचार करा.

---

कुरकुरीत

हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या शाळेच्या भिंतीवर होती ती ओळ.

---

टाईनकाठ

‘रीअरेंजिंग द डेक चेअर्स ऑन द टायटॅनिक’ हाही एक. तो मात्र अहवालात शेतकऱ्यांना कधीच लावू नका. बोट बुडत असताना क्षुल्लक कामात गुंतलेल्यांसाठी तो आहे. 1976 मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचे प्रचारप्रमुख रॉजर्स मॉर्टन यांनी प्राथमिक निवडणुका हरल्यावर ‘टायटॅनिकच्या डेकवरचं सामान हलवत बसणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य वापरलं, त्यानंतर तो चांगलाच पसरला.

---

पाटकऱ्याचा_मुलगा

पहिल्यांदाच लिहितोय. वडील कालव्यावर पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारे कर्मचारी, होते आणि मी स्वतः लहान बांधकामांची अंदाजपत्रकं करतो, त्यामुळे धाग्यातला घोडा सोडून चारीबद्दल बोलतो.

मृद्‌गंध ताई, ‘अंदाजपत्रक वर गेलंय’ यापुढे काय होतं ते तुमच्या अहवालात आहे का? बऱ्याचदा असं होतं: मोजमापं घेऊन चालू दरसूचीप्रमाणे, म्हणजे कामांच्या सरकारी दरांच्या यादीप्रमाणे, अंदाजपत्रक तयार होतं. ते मंजुरीच्या रांगेत पडून राहतं. तोवर नवी दरसूची येते. सिमेंट, मुरूम, मजुरी, सगळ्याचे दर बदलतात. मग जुनं अंदाजपत्रक सुधारून आणा असा शेरा पडतो आणि कागद खाली येतो. मधल्या पावसाळ्यात चारी आणखी फुटलेली असते, म्हणून मोजमापंही नव्याने घ्यावी लागतात. परत वर. परत नवी दरसूची.

माणसं सारखी टेप घेऊन येतात ती बहुधा यामुळेच. फाइल मेलेली नसते. ती प्रत्येक वेळी पहिल्या पायरीवर येते.

---

जुनी_पानं

वा! हा तर सिसिफस झाला. कॉरिंथचा राजा, होमरच्या महाकाव्यात पाताळात दगड ढकलत डोंगर चढतो, माथ्याशी पोचला की दगड घरंगळून खाली. ‘अ सिसिफिअन टास्क’ लिहा, पहिलं अक्षर मोठं. लोक याच्यात आणि ‘हर्क्युलिअन’मध्ये गल्लत करतात. हर्क्युलीसची कामं अचाट होती, पण ती त्याने पार पाडली. ऑगियस राजाचा वर्षानुवर्षं घाण साचलेला गोठासुद्धा साफ झाला. सिसिफसचं काम पुरं होतच नाही.

---

रोखठोक

मी माझा घोडा मागे घेतो. दरसूचीचं वाचल्यावर ‘सिसिफिअन’च बसतो हे मान्य.

---

मृद्‌गंध

@पाटकऱ्याचा_मुलगा, तुमचा प्रतिसाद वाचून मी गावच्या पाणीवापर संस्थेच्या सचिवांना फोन केला. त्यांनी फाइलमधली पत्रं काढून वाचून दाखवली. दोन पत्रांवर अगदी हाच शेरा आहे, ‘सुधारित दरसूचीनुसार फेरसादर करावे’. आमच्या अहवालात याचा उल्लेखच नव्हता! मनापासून आभार.

@जुनी_पानं, सिसिफस मोहात पाडतोय, पण त्याच्या दगडाला शेवट नाही. देवांनी दिलेली शिक्षाच ती. आमच्या फाइलला कारण आहे, ते माणसांनी केलेलं आहे आणि एका सहीने दूर होऊ शकतं. ते खात्याच्या नजरेसमोर ठेवायचं असेल तर साधं लिहिणं बरं. तुम्हाला काय वाटतं?

---

जुनी_पानं

पटलं. उपमा दिली की कारण झाकलं जातं. तुमच्याकडे कारण आहे तर तेच लिहा.

---

खडूफळा

मग ‘टू नो अव्हेल’ घ्या. हा निकाल देत नाही. प्रयत्न केले, फळ आलं नाही, इतकंच सांगतो, आणि पुढे येईल की नाही यावर बोलत नाही. त्यात ‘सो फार’ जोडलं की दार उघडंच राहतं. ‘इन व्हेन’ थोडा जड आणि अखेरचा वाटतो.

वापरताना एक पथ्य: कृतीनंतर ‘टू नो अव्हेल’, आणि ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ यांच्यानंतर ‘ऑफ नो अव्हेल’. ‘दे अप्लाइड टू नो अव्हेल’, पण ‘देअर एफर्ट्स वेअर ऑफ नो अव्हेल’.

---

मृद्‌गंध

झालं तर मग. सहकाऱ्याशी बोलले, त्यालाही हे वाक्य आवडलं:

‘द असोसिएशन हॅज रिपीटेडली अप्लाइड फॉर द रिपेअर, सो फार टू नो अव्हेल. नो ॲप्लिकेशन हॅज बीन रिफ्यूज्ड. द एस्टिमेट हॅज बीन रिटर्न्ड ट्वाइस फॉर रिव्हिजन टू न्यू रेट्स.’

याखाली दोन्ही पत्रांच्या तारखा आणि जावक क्रमांक देते आहे.

---

पाटकऱ्याचा_मुलगा

तारखांसोबत प्रत्येक वेळची अंदाजपत्रकाची रक्कमही द्या. दर वेळी ती किती वाढली ते आकड्यांतच दिसू दे. आणि टेलच्या बाजूला किती एकर कोरडं राहतं तेही त्याच तक्त्यात घाला.

---

मृद्‌गंध

एकरांचा आकडा आहे माझ्याकडे. रकमा सचिवांकडून उद्या मागवते.